गौरी जेवल्या त्या रात्रीचा पीएच

गौरी जेवल्या त्या रात्री साडेदहाच्या सुमारास माझ्या खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टँकमध्ये पीएचचं, म्हणजे पाणी किती आम्ल किती अल्कली ते मोजणारं, पेन बुडवलं आणि आकडा आला ७.८६. एरवी त्या वेळेला माझ्या पाण्याचा पीएच ८.१५च्या आसपास असतो. पेन धुतलं, टिपलं, परत बुडवलं, तेच. मग कपाटातून ७ आणि १०च्या बफरच्या, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणाच्या, बाटल्या काढून कॅलिब्रेट केलं, पेन एकदम व्यवस्थित. हॉलमध्ये तोपर्यंत दोन्ही नणंदा, त्यांची पोरं, खालच्या मजल्यावरच्या काकू, माझी मावशी असे सगळे दाटीवाटीने बसलेले, फुगड्यांसाठी टीपॉय भिंतीला सरकवलेला, बाहेर धो धो पाऊस म्हणून खिडक्या बंद, आणि मी ओट्यापाशी उभी राहून सिरिंजने थेंब सोडतेय. केएच बघत होते, म्हणजे पाण्याची अल्कलिनिटी, आम्ल झेलून पीएच टिकवायची ताकद. थोडंसं टँकचं पाणी, त्यात इंडिकेटरचे दोन थेंब, मग रीएजंट एकेक थेंब सोडायचा आणि बाटली गोल गोल हलवायची, निळसर हिरवं पाणी ज्या थेंबाला गुलाबी होतं तिथे थांबायचं. ८.४ आला. म्हणजे अल्कलिनिटी जिथे हवी तिथेच. सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा, ३५, अमोनिया शून्य. धाकटी नणंद आत आली, म्हणाली, "वहिनी, चल ना, सगळ्यांची जेवणं झाली, आता तरी बस." बसले. फुगडीपण घातली. पण डोक्यात तेच फिरत होतं, की सगळं जागच्या जागी असताना पीएच का पडला.

माशांना काही झालं नव्हतं. ७.८ पर्यंत क्लाऊनफिश आरामात राहतात, दोघंही नेहमीसारखे काचेपाशी येऊन खायला मागत होते, क्लीनर श्रिम्प (कोळंबीचाच एक प्रकार) मिशा हलवत दगडाखाली बसलेला. त्यामुळे घाबरायचं कारण नव्हतं आणि मी घाबरलेही नव्हते. पण ज्या पाण्याकडे आपण रोज बघतो, ज्याचा सकाळचा आकडा आणि रात्रीचा आकडा न बघता सांगू शकतो, ते पाणी आपल्याला न विचारता कुठेतरी गेलं की चैन पडत नाही.

आमचं घर भांडुपला, वन बीएचके, आणि हॉलच्या एका भिंतीला हा तीन फुटी टँक. कोरल, म्हणजे प्रवाळ, नाहीत, फक्त मासे, एक श्रिम्प, काही गोगलगायी. ज्यांना हा नाद नाही त्यांना वाटतं की मासे पाळले की खायला घालायचं आणि काच पुसायची. खाऱ्या पाण्यात मासे पाळणं हे नंतर येतं, आधी पाणी पाळावं लागतं. घरी येणारा प्रत्येक जण एकदा तरी विचारतोच, अगं समुद्र एवढा जवळ, दोन कॅन भरून आणायचे की. त्यांना मी दरवेळी मनापासून समजावते, कारण प्रश्न चांगलाच आहे. आपल्या किनाऱ्यालगतचं पाणी गाळाने गढूळ, त्यात शहराचे नाले येऊन मिळतात, आणि पावसाळ्यात वरून एवढं गोडं पाणी पडतं की खाडीच्या तोंडाशी मीठ पार उतरतं. बाहेर खोल समुद्रात जाऊन आणणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्यामुळे माझा समुद्र पाकिटातून येतो.

आणि पाकिटातून येऊ शकतो याचं मला अजून नवल वाटतं. १८७२ ते १८७६ या काळात चॅलेंजर नावाचं जहाज जगभरचे महासागर फिरत होतं, त्यांनी ठिकठिकाणचं पाणी बाटल्यांत भरून आणलं, आणि विल्यम डिटमार नावाच्या केमिस्टने त्यातल्या ७७ नमुन्यांचं पृथक्करण करून १८८४ मध्ये छापलं. निष्कर्ष असा, की समुद्र कुठे जास्त खारट, कुठे कमी, पण त्यातले मुख्य क्षार, म्हणजे सोडियम, क्लोराईड, मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम, यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण जवळजवळ सगळीकडे सारखंच. म्हणून तर एका पावडरीत अख्खा समुद्र बसतो. मी शनिवारी रात्री गॅलरीत बादली मांडते, पंप टाकते, लिटरला साधारण ३८ ग्रॅम मीठ हळूहळू सोडते, आधी पाणी दुधासारखं पांढरं होतं, सकाळपर्यंत नितळ. हात बुडवून बोट जिभेला लावलं की चव येते ती लहानपणी मार्वेला नाकातोंडात गेलेल्या पाण्याची, पण बिनवासाची. वास नसणं थोडं चुकल्यासारखंही वाटतं, खरं सांगायचं तर.

मीठ विकत मिळतं, गोड्या पाण्याचं काय? आम्ही भांडुपचे, म्हणजे वैतरणा-भातसाचं पाणी जिथे शुद्ध होतं तो एवढा मोठा प्लांट आमच्याच गावात. मुंबईचं नळाचं पाणी मऊ, माझ्या नळाचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शंभरच्या खालीच असतो, पिण्यासाठी तर झकास. पण त्यात क्लोरीन असतो, तो असायलाच हवा, आणि थोडे फॉस्फेट-सिलिकेटही येतात, ज्यांच्यावर टँकमध्ये तपकिरी शेवाळ माजतं. म्हणून आधी कार्बनचं फिल्टर, मग आरओ आणि शेवटी उरलेसुरले क्षार पकडणारं डीआय रेझिन, मीटरवर शून्य येईपर्यंत. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर वेगळं निघतं. ते मी पिंपात साठवते, लादी, भांडी, झाडं सगळं त्यावर होतं. तरीपण जून २०२४ मध्ये तलाव आटले आणि १० टक्के पाणीकपात लागली तेव्हा आरओचा नळ सोडताना हात अडखळायचा. शेजारी मोटर लावून पाणी खेचायची धडपड आणि इकडे मी माशांसाठी पाणी गाळतेय. त्या दिवसांत वॉटर चेंज, म्हणजे थोडं जुनं पाणी काढून नवीन भरणं, निम्म्यावर आणला, खाणं कमी केलं, नायट्रेट थोडं चढू दिलं. त्या काळात तेच योग्य होतं असं मला आजही वाटतं.

अमोनियाबद्दल मात्र मी कुठेच तडजोड करत नाही.

मासा कल्ल्यातून अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो, आणि खाऱ्या पाण्याचा पीएच ८च्या वर असल्यामुळे तोच अमोनिया इथे गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी पट विषारी ठरतो. त्याला खाणारे बॅक्टेरिया दगडांवर, वाळूत, फिल्टरमध्ये वस्ती करतात, एक गट अमोनियाचं नायट्राईट करतो, दुसरा नायट्राईटचं नायट्रेट. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर टँक रिकामा ठेवायचा असतो. रिकामा म्हणजे नुसतं पाणी, दगड आणि लाईट. पाहुणे येऊन विचारतात, मासे कुठायत? तेवढा धीर धरवत नाही म्हणून किती मासे जातात. क्रॉफर्ड मार्केटला, कुर्ल्याला मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, लोक टँक, मीठ आणि निमो, म्हणजे क्लाऊनफिश, एकाच पिशवीतून नेतात, आणि दुकानदार नेऊ देतो. मला याचा राग येतो. टेस्ट किट आधी विकत घ्या, मासा शेवटी, एवढं एक वाक्य दुकानात कोणी मोठ्याने म्हटलं तर किती जीव वाचतील. (नायट्राईटचा बाऊ मात्र खाऱ्या पाण्यात एवढा करू नये, क्लोराईड इतकं असतं की ते कल्ल्यातून फारसं आत शिरत नाही.) आम्ही मासे खाणारी माणसं. स्टेशनजवळच्या बाजारात कोळणीसमोर उकिडवं बसून कल्ला उचलून लालभडक आहे का ते बघायला मला आईने शिकवलं, आणि आता तीच नजर संध्याकाळी टँकसमोर लागते, कल्ले किती भराभर हलतायत, एका बाजूचाच हलतोय का. बाजारातला हात आणि घरातली नजर एकाच बाईची आहे, हे मला स्वतःलाही कधीकधी नीट समजत नाही, आणि दोन्हींपैकी एकही सोडावंसं वाटत नाही.

मुंबईचा उन्हाळा हा वेगळाच विषय. मे महिन्यात टँकचं पाणी सहज ३१ला जातं, पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि माशाला मात्र जास्त लागतो. यावर स्वस्त उपाय म्हणजे पाण्यावर तिरका मारलेला छोटा पंखा, बाष्पीभवनाने दोन-तीन डिग्री उतरतात. मार्च-एप्रिलला हा पंखा जीव वाचवतो. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस अजून पडलेला नाही, हवा नुसती चिकट, वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळीही दमट, तेव्हा तोच पंखा तितक्याच वेगाने फिरतो आणि थर्मामीटर जागचा हलत नाही, कारण हवाच पाण्याने भरलेली, ती आणखी घेणार कुठून. जे पाणी उडतं त्याबरोबर मीठ उडत नाही, म्हणून वरून भरायचं ते गोडं पाणी, आणि ते किती लागलं यावरून मला बाहेरची हवा कळते. फेब्रुवारीत कॅन पटापट रिकामा होतो, जुलैत तोच कॅन संपता संपत नाही.

१२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी अख्ख्या मुंबईची लाईट गेली होती, आठवत असेल. पंप बंद, स्किमर (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडून घाण फेसात काढणारं यंत्र) बंद, पाणी एकदम गप्प. बॅटरीचा एअर पंप लावला पण तेवढ्यावर भागेना, तेव्हा पाणी मगाने उचलून वरून धार सोडायची, पडताना हवा घेऊन पडतं. मी दमले तसं सासूबाई उठल्या आणि देवघरातला तांब्याचा तांब्या घेऊन आल्या. "आई, तांब्याचा नको, प्लॅस्टिकचा मग घ्या." तांबं म्हणजे श्रिम्प आणि गोगलगायींसाठी विष, अगदी थोडंसुद्धा. त्यांनी एकदा हातातल्या तांब्याकडे बघितलं, आपण यातून तीर्थ देतो गं, म्हणाल्या, आणि मग बाथरूममधला मग घासून घेऊन आल्या. लाईट येईपर्यंत आम्ही दोघी आळीपाळीने पाणी ओतत होतो. त्या दिवसापासून त्या टँकला 'तुझे मासे' म्हणत नाहीत.

तर तो पीएच. दुसऱ्या दिवशी सगळे झोपेतून उठायच्या आत मी एक स्टीलची पातेली घेतली, टँकचं पाणी भरलं, गॅलरीत नेऊन त्यात एअर पंपाचा दगड सोडला आणि तासभर बुडबुडे काढले. पावसाचे तुषार पातेलीत पडू नयेत म्हणून वर चाळण धरून बसले. तासाने पेन बुडवलं. ८.१२. तेच पाणी, त्यात एक थेंबही काही घातलं नव्हतं, फक्त हवा बदलली होती.

हॉलची हवा! कार्बन डायऑक्साईड पाण्यात विरघळला की त्याचं सौम्य आम्ल होतं. केएच स्थिर असताना हवेतला कार्बन डायऑक्साईड दुप्पट झाला की समुद्राच्या पाण्याचा पीएच जवळजवळ ०.३ने उतरतो, आणि माझा तेवढाच उतरला होता. माणूस बाहेर सोडतो त्या श्वासात ४ टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साईड असतो, बाहेरच्या हवेच्या शंभरपट. त्यात दिवसभर दोन्ही शेगड्यांवर पुरण, मोदक, वरण, समया तेवत होत्या, खिडक्या पावसामुळे बंद. आणि माझा स्किमर त्याच खोलीतली हवा ओढून तिचे बारीक बुडबुडे करून रात्रंदिवस पाण्यात मिसळत होता. नणंदांच्या फुगड्या, पोरांची पळापळी, मावशीच्या गप्पा, आरतीच्या वेळी तेरा आवाजांत म्हटलेलं 'घालीन लोटांगण', हे सगळं त्या पाण्याने घेतलं होतं. ते कळलं तेव्हा मी पातेली धरून तशीच बसून राहिले, मला फार भरून आलं. त्या आकड्यात बिघाड शोधत होते आणि तो आमच्या भरलेल्या घराचा आकडा निघाला.

हेच मोठ्या समुद्रातही चाललंय, फक्त हळूहळू. १९५८ला हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत मोजायला सुरुवात झाली तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साईड दशलक्षाला ३१५ भाग होता, आता ४२०च्या वर गेलाय, आणि औद्योगिक काळापासून समुद्राच्या वरच्या थराचा सरासरी पीएच ८.२ वरून ८.१ला आला. तिथे खिडकी उघडायची सोय नाही.

तेव्हापासून मी घराकडे टँकच्या बाजूने बघायला शिकले. डासांचा स्प्रे घरात येत नाही, त्यातली पायरेथ्रॉईड्स मासे आणि श्रिम्पला घातक, आम्ही खिडकीला जाळ्या लावल्या. पावसाळ्यात सोसायटीत धूरफवारणीची गाडी आली की तिचा तो घरघराट ऐकूनच मुलगा पळत जाऊन स्किमरचं बटण बंद करतो, मग मी खिडक्या लावते. फिनेलच्या हाताने झाकण उचलायचं नाही. अगरबत्तीवरून थोडा वाद झाला, कारण देवघर आणि टँक एकाच भिंतीला. सासूबाईंना देवापुढे सुवास हवा, तो त्यांचा हक्कच आहे, घर आधी त्यांचं. शेवटी धूप आणि कापूर गॅलरीच्या दाराशी लावायचा आणि देवाला आत ताजी फुलं जास्त आणायची, असं त्यांनीच ठरवलं. मोगरा आणतात. आणि स्किमरची हवेची नळी आता खिडकीच्या जाळीतून बाहेर काढलीय, मध्ये कार्बनची छोटी कॅप्सूल, कारण बाहेर एलबीएस रोडवर मेट्रोचं काम, धूळ काही कमी नाही.

कोरल का नाही ठेवत, असंही विचारतात. दगडी प्रवाळ, सी फॅन, सीहॉर्स यांना आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि कायदा नसता तरी मला ते घरात आणवले नसते. माझे दगडही सिरॅमिकचे, माणसाने बनवलेले. क्लाऊनफिश हॅचरीत जन्मलेले घेतले, सीएमएफआरआय या सरकारी सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र कधीच बसवलंय, मग रीफवरून, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळांतून, पकडलेला का घ्यायचा. लहानपणी बाबा मरीन ड्राईव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे, ओल्या लादीचा तो वास, काचेवर नाक दाबून बघायचं, आणि तेव्हा वाटायचं हे सगळे मासे लांब कुठल्यातरी देशातले. मोठेपणी ओहोटीला हाजी अलीच्या खडकांवर गेले तेव्हा कळलं की आपल्या या गढूळ पाण्यातही प्रवाळ आहेत, सी ॲनिमोनी आहेत. २०२०ला कोस्टल रोडसाठी वरळी-हाजी अलीचे काही प्रवाळ उचलून दुसरीकडे नेऊन लावले, तेव्हा मी त्या बातम्या रोज शोधून वाचायचे. नवीन जागेच्या पाण्यात गाळ किती असेल, हा एकच विचार. जीव हलवता येतो, पाणी सोबत नेता येत नाही.

आता आमचीच हलायची वेळ आलीय. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, दिवाळीनंतर घर रिकामं करायचं, तीन वर्षं भाड्याने. टँक हलवायचं गणित मी वहीत मांडून ठेवलंय. पाणी नवीन केलेलं चालतं, बॅक्टेरिया पाण्यात फारसे नसतातच, ते दगडांवर. दगड ओले, झाकलेल्या पिंपात, बॅटरीच्या पंपासकट, टेम्पोत सगळ्यात शेवटी चढवायचे आणि सगळ्यात आधी उतरवायचे. वाळू मात्र जुनी घ्यायची नाही, तळाची घाण हलली की नको ते पाण्यात येतं. मुलुंडला एक फ्लॅट सगळ्यांना आवडला होता, मोठा हॉल, सासूबाईंना देवघराला पूर्वेची भिंत. मी किचनच्या नळाचं पाणी बाटलीत भरून घेतलं, ब्रोकर बघत राहिला. टीडीएस ७१० निघाला, चौकशी केली तर निम्मं पाणी बोअरवेलचं. आरओचं मेम्ब्रेन असल्या पाण्यात किती टिकणार, आणि टाकाऊ पाण्याने झाडंसुद्धा जगणार नाहीत. मी काही बोलले नाही, नुसता मीटर नवऱ्यासमोर धरला. सासूबाईंनी लांबूनच विचारलं, "किती आला गं?" आकडा ऐकला आणि ब्रोकरला म्हणाल्या, "दुसरं दाखवा, महापालिकेचं पाणी असलेलं."